करदोड्याची किल्ली

आमचे हे, म्हंजी आप्पाराव, आमच्या वाडीत लई विज्ञानवादी. नाव घ्यायला लाजायचं माझं वय आता राहिलं न्हाई, म्हणून सरळ घेते. शिरूर कासारात कुणी दारात बाहुली टांगली की हे उभ्या उभ्या भाषण ठोकणार. मला तर लिंबू-मिरचीबी कवा बांधू दिली न्हाई. अशा माणसाच्या गाडीत पिवळा दिवा लागला आणि घरात नुसती आग लागली.

गाडी जुनीच घेतलेली, पण ठणठणीत. धनश्रीसाठी घेतली, असं हे सांगायचे. चालवायचे मात्र स्वतःच. धनश्री आमची एकुलती एक. वाडीवाडीवर जाऊन शेळ्या-मेंढरांना लस टोचायचं काम तिला एका संस्थेत लागलं. अट एकच, गाडी स्वतः चालवता आली पाहिजे. लायसन काढून पोरगी पहिल्यांदा एकटी बीडला जाऊन आली, तवा पाराजवळची बाप्ये मंडळी माना वळवून बघत राहिली. तिसऱ्या दिवशी दिवा लागला. स्टेअरिंगमागच्या काचेत पिवळ्या गाडीचं चित्र आणि त्याच्याखाली दोन नागमोडी रेघा.

"ही चाकं घसरवती! रेघा बघ की, घसरल्याच्याच हायेत!" हे म्हणाले.

"आप्पा, मी कुठं घसरवली? तुमी चालवली तरी लागतोय ना?" धनश्री म्हणाली.

"तू बिघडवल्यावर माझ्या हातात आली ना ती!"

आता याला काय म्हणावं? वर कायदाच केला, की ज्याच्यामुळं दिवा लागला त्यानं किल्लीला हात लावायचा न्हाई. आणि किल्ली बांधली करदोड्याला. म्हंजी पोरीनं मागायचीसुद्धा सोय न्हाई. सोमवारी कामावर हजर व्हायचं आणि शनिवारी किल्ली बापाच्या कमरेला. पोरगी जेवली न्हाई. मला असा राग आला, पण राग गिळून म्हणलं, "अवो, नाथाला तर दाखवा."

नाथाचं गॅरेज बीड रोडला. आमी तिघंबी गेलो. नाथानं स्टेअरिंगखाली बिघाड शोधायची एक डबी खुपसली, मोबाईलात बघितलं आणि म्हणला, "मामा, पोरीच्या चालवण्याचा काय संबंध न्हाई. चारी चाकांपाशी एकेक सेन्सर असतो. चाक किती फिरतंय ते तो सांगतो. एखादा वेडंवाकडं सांगाय लागला की गाडीला वाटतं, चाक घसरतंय. पुढचं डावं चाक दाखवतंय."

डावं म्हणल्यावर मी दोन पावलं मागं सरकले.

नाथानं जॅक लावला, चाक काढलं, आत हात घातला आणि काळ्या फडक्यात गुंडाळलेली घोड्याची नाल बाहेर काढली. सेन्सरला चिकटूनच बसलीती. "लोखंड हाय हे. सेन्सरला कसं कळंल चाक कुठलं आणि नाल कुठली? मामा, हे कुणाचं काम?"

ह्यांनी धनश्रीकडं बघितलं. ती बिचारी नालीकडं बघत उभी. आता मी गप्प बसले असते तर पोरीच्या माथी आणखी एक पाप आलं असतं.

"माझं हाय," मी म्हणलं. "पोरीला नजर लागू नये म्हणून बांधली. पुढं बांधली तर हे काढून फेकतेत, म्हणून आत बांधली."

मग काय विचारता! ह्यांनी गॅरेजातच सभा भरवली. माणूस चंद्रावर गेला, आणि आमची बायको नाल बांधती. शिकलेल्या पोरीच्या आईला हे शोभतं का? पंक्चर काढायला आलेले दोघं हात बांधून ऐकत व्हते. शेवटी म्हणाले, "कायदा म्हंजी कायदा. भामे, आजपासून तू किल्लीला हात लावायचा न्हाई."

"माझ्याकडं किल्ली कवा व्हती?" मी म्हणलं. पंक्चरवाले हसले. हे हसले न्हाईत.

नाथानं सेन्सर पुसला, चाक बसवलं, दिवा विझवला आणि स्वतः रस्त्यावर एक चक्कर मारून आला. खाली उतरला तो डोकं खाजवत. दिवा परत लागलाता.

"आता नाथाच्या हातालाबी दोष हाय का?" मी विचारलं.

"थांब गं," हे म्हणाले, पण आवाज जरा बसलाता.

डबीनं या खेपेला मागचं उजवं चाक सांगितलं. हे एकदम म्हणाले, "राहू दे नाथा, ऊन लई झालं. उद्या बघू." उद्या रविवार, गॅरेज बंद. माझ्या मनात पाल चुकचुकली. "आजच बघ रं," मी म्हणलं.

मागच्या चाकाच्या आतून नाथानं काळ्या लोकरीचा दोरा काढला. सेन्सरच्या वायरीलाच आवळलाता. चाक वर-खाली झालं की दोरा वायर ओढायचा. ओढून ओढून आतली तार उघडी पडलीती.

"जुन्या मालकाचा असंल," हे म्हणाले.

मी दोरा हातात घेतला. मेंढी पळू नये म्हणून तिच्या पायाला मारतेत ती दुहेरी गाठ. आमच्या मेंढरांच्या पायाला पंचवीस वर्षं बघती मी ती. वाडीत अशी गाठ एकच माणूस मारतो.

"जुन्या मालकाकडं मेंढरं व्हती का?" मी विचारलं.

मला वाटलं आता ह्यांचं भाषण होईल, पण न्हाई झालं. धनश्रीनं नुसता हात पुढं केला.

शर्ट वर करून हे करदोड्याशी झटापट करू लागले. गाठ तीच, मेंढीची. सुटता सुटंना. शेवटी नाथानं पक्कड दिली आणि ह्यांनी स्वतःच्या हातानं दोरा तोडून किल्ली पोरीच्या तळहातावर ठेवली.

नाथानं वायर जोडली, टेप गुंडाळली. दिवा विझला तो विझलाच. धनश्री गाडी चालवाय बसली आणि आमचे हे पहिल्यांदा मागं, माझ्या शेजारी बसले. मग हळूच म्हणाले, "तू कावून बांधली नाल?"

"तुमी कावून बांधला दोरा?"

"पोरगी एकटी जाणार... भ्या वाटलं."

मलाबी तेच वाटलंतं. पुढं पोरगी गाणं गुणगुणत वळण घेत व्हती. भ्यायचं काम आमी दोघं करत व्हतो आणि किल्ली तिची गेलती.

"नवा दोरा कुठं बांधावा मग?" ह्यांनी विचारलं. विज्ञानवादी माणूस!

"आपल्या दोघांच्या हाताला बांधू," मी म्हणलं. "गाठ तुमीच मारा."

धनश्रीनं आरशातून आमच्याकडं बघितलं आणि गाडी जरा जोरात सोडली. ह्यांनी नुसती पुढची सीट दोन्ही हातांनी धरली.