ओळखीचं कुणी नको

माणूस ओळखीचा असला की निम्मं काम तिथंच होतं, असं मी आजवर मानत आलो. माझं ठिबक सिंचनाचं दुकान चालतं ते ओळखींवरच. म्हणून सायलीला काउन्सेलरकडे न्यायचं ठरलं तेव्हा मी आधी पाहुण्यारावळ्यांत चौकशी केली.

आमचं बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेलं. त्यानंतर सायली रडली नाही आणि त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. स्वयंपाक, धुणं सगळं वेळेवर. पण एका दुपारी घरी आलो तर गॅसवरचं दूध आटून पातेलं काळं पडलेलं, आणि ही समोर उभी राहून त्याच्याकडेच बघतेय. हाक मारली तर म्हणाली, "आलात? वाढू का?" त्या दिवशी मी खरंच घाबरलो.

आईचं म्हणणं वेगळंच होतं. "तिला चार दिस माहेरी धाड. लय इचार करती ती, दुसरं काय नाय."

मी ऐकलं नाही. पंचवटीत मोहिनीताई म्हणून काउन्सेलर होत्या. शिकलेल्या, आणि मुख्य म्हणजे आपल्यातल्या. आम्ही बसतो न बसतो तोच त्यांनी विचारलं, "माहेर कुठलं?"

"नामपूर."

"अय्या! नामपूरला कुणाच्या?"

मी उठून बाहेर जाईपर्यंत सायलीच्या चुलतीची भाची त्यांची जाऊ निघाली होती. मला हायसं वाटलं. सायली बाहेर आली तीही हसतमुखानं. गाडीवर बसल्यावर म्हणाली, "मी पुन्हा नाही येणार. त्या लग्नाकार्यात आईंना भेटतात."

"अगं, त्या कुणाला सांगायच्या नाहीत."

"माहितीय. पण मी तोंड उघडलं की त्यांच्या शेजारी आई बसलेल्या दिसतात."

मग एक वयस्कर गृहस्थ गाठले. ते परके होते, पण बोलायची हौस त्यांनाच. दार नीट लागत नव्हतं, त्यामुळे त्यांचं सगळं प्रवचन ऐकू आलं. वय आहे, दुसरं होईल, सकाळी फिरायला जा. सायलीचा आवाज एकदाच आला, "हो सर." माझं डोकं असं तापलं होतं! पण भांडून सायली बोलणार होती थोडीच.

तिसरं नाव सायलीनंच शोधलं. माजिदा मॅडम, द्वारका चौकाजवळ. मला राहवलं नाही. "त्यांना आपल्यातलं काय कळणार?"

"नाही कळलं तर मला सांगावं लागेल," ती म्हणाली.

गुरुवारी तिला घेऊन गेलो आणि बाहेरच्या खुर्चीवर बसलो. मग आतून सायलीचा आवाज सुरू झाला तो थांबेचना. शब्द कळत नव्हते. आणि मग ती रडली. दवाखान्यात रडली नव्हती, मी बाळाला मूठमाती देऊन परत आलो तेव्हाही नाही. मी उठून दारापर्यंत गेलो. आत जाऊन काय करणार होतो, कुणास ठाऊक. परत येऊन बसलो. तिनं रडावं म्हणूनच तर एवढी वणवण केली, आणि आता ते ऐकवत नव्हतं.

ती बाहेर आली. डोळे सुजलेले, पण कितीतरी दिवसांनी तिनं माझ्याकडे नीट बघितलं.

"बोललीस?"

"हो. सगळं."

"काय बोललीस?"

ती गाडीकडे चालू लागली. मग मीच चिडलो. "बाळाचंच ना? मीही बापच होतो त्याचा. मला सांगितलंस तर काय बिघडेल? मी काय परका आहे का?"

तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"परके असता तर सांगितलं असतं हो."

मी गाडी सुरू केली. पुढच्या सिग्नलला ती मागून म्हणाली, "पुढच्या गुरुवारी आणाल ना?"

"आणीन की," मी म्हणालो. तेवढंच माझ्या हातात होतं.