मॅलकी टुईची घरफोडी

मॅलकी टुईला आयर्लंडातून उचलून सिडनीच्याही पलीकडे आणून टाकलं ते घरफोडीसाठी. आता ती घरफोडी त्याच्या तोंडून ऐकावी! चार वर्षांत ती फुगत फुगत बारा कुलपं, दोन तिजोऱ्या आणि एका लॉर्डाच्या उशाखालची किल्ली इथवर पोचली होती. स्वयंपाकीण होनोरा, तीही कैदीच, आयर्लंडातल्याच कॉर्ककडची, बटाटे सोलता सोलता म्हणायची, "मेल्या, परवापर्यंत दहाच होती की कुलपं!"

त्याची खरी तगमग वेगळीच होती. मालक वेनस्कॉटसाहेबांच्या टेबलावर त्याचा परवाना येऊन पडला होता, फक्त शिफारशीची सही बाकी. परवाना हातात पडला की कैद्याला स्वतःच्या छपराखाली राहता येतं, स्वतःची मजुरी करता येते. नदीकाठी एक झोपडी मॅलकीनं हेरून ठेवली होती, आणि तिच्यात राहायला होनोरालाही. पण मालकांचं महिनाभर एकच पालुपद, "उद्या बघू."

त्या दिवशी मालकीण बाईसाहेब शेजारच्या मळ्यावर बारशाला गेल्या आणि तासाभरात कोठीच्या खोलीतून आरडाओरडा सुरू झाला.

"टुईला बोलवा! त्या चोराला बोलवा!"

झालं होतं असं, की पायाच्या दुखण्यावर डॉक्टरांनी मालकांना खारवलेलं डुक्कर बंद केलं होतं. कोठीची किल्ली बाईसाहेबांच्या कमरेला. तर या पठ्ठ्यानं चोरून दुसरी करून घेतली, आत शिरून दाराला कुलूप लावलं आणि घाईत किल्ली कुलपातच मोडली.

"दार उघड, टुई! ती यायच्या आत उघडलंस तर आजच सही. नाहीतर बेड्या घालून रस्त्यावर खडी फोडायला पाठवतो!"

मॅलकीच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं कुलपात चमचा घातला, खिळा घातला, होनोराची विणायची सुई घातली. सुई वाकली.

"बारा कुलपं उघडलीस ना रे?" होनोरा कमरेवर हात ठेवून म्हणाली.

"एकही नाही," मॅलकी रडवेला होऊन पुटपुटला. "खिडकी उघडी होती गं."

"मग पकडलं कसं?"

"आत उडी मारली आणि सवयीनं बोलून गेलो, या घरातल्या सगळ्यांचं देव भलं करो!"

होनोरानं तोंडात एप्रनचं टोक कोंबलं. त्यांच्या मुलखात कुणाच्याही घरात शिरताना की निघताना हे म्हटल्याशिवाय जीभ गप्प बसत नाही, हे तिला काय सांगायचं? "पुढे?"

"पुढे काय! आतून म्हातारी म्हणाली, आणि तुझंही रे बाबा, बस. दिवा लावला, ताक दिलं. दिलेलं ताक टाकून पळायचं का माणसानं? ते पीत होतो तोवर शिपाई आला."

"अरे गाढवा!" होनोरा इतकी हसली की तिला भिंत धरावी लागली. "जा आता, तसाच खिडकीतून जा."

कोठीची खिडकी उंच आणि एवढीशी. पण चार वर्षं सरकारी शिध्यावर काढलेला माणूस कुठूनही जातो. डोकं आत घालताच मॅलकी मोठ्यानं म्हणाला, "या घरातल्या सगळ्यांचं देव भलं करो!"

"माझं भलं नंतर कर," आतून भरल्या तोंडानं मालक खेकसले, "आधी मला बाहेर काढ, मूर्खा!"

आत पडल्या पडल्या त्यानं दाराचे कब्जे पाहिले आणि त्याचा चेहरा उजळला. गावाकडे नाचायचं म्हटलं की दार कब्ज्यातून उचलून जमिनीवर टाकायचं आणि त्यावर ताल धरायचा. कुलपं त्यानं बापजन्मात उघडली नव्हती, पण दारं त्यानं शेकड्यानं उचलली होती. खांदा लावला, हुप्प केलं आणि दार धाडकन स्वयंपाकघरात आडवं झालं.

दाराच्या पलीकडे बाईसाहेब उभ्या होत्या.

"डुकराची तंगडी कुणी खाल्ली?"

मालकांनी हनुवटीवरची चरबी पुसली आणि बोट रोखलं. "यानं! मी याला रंगेहाथ धरलं. घरफोड्या तो घरफोड्याच!"

मॅलकीला वाटलं, संपलं. झोपडी गेली, होनोरा गेली, आता आहेत फक्त बेड्या.

"हो का?" बाईसाहेब म्हणाल्या. "मी केव्हाची अंगणात उभी होते. हा खिडकीतून घरातल्या सगळ्यांचं भलं चिंतत होता. तेव्हा आतून तोंडात घास घेऊन उत्तर कोण देत होतं हो?"

मालकांनी तोंडातला उरलासुरला घास गिळला.

"होनोरा, दौत आण. साहेबांना सही करायची आहे."

सही झाली. परवाना छातीशी धरून मॅलकी निघाला. उंबऱ्यावर सवयीनं थांबला आणि बोलून गेला, "या घरातल्या सगळ्यांचं देव भलं करो."

चार वर्षांत या घरातून त्याला कधी कुणी उत्तर दिलं नव्हतं. इंग्रज माणसं, त्यांना त्याचं काय! होनोराच काय ती चुलीपाशी पुटपुटायची. तो वळून चालू लागला.

"आणि तुझंही, टुई," मागून बाईसाहेब म्हणाल्या.

मॅलकी परत आत आला, त्या आडव्या पडलेल्या दारावर मटकन बसला आणि लहान पोरासारखा रडला.