वारं गेलंय

फोनवर 'हो हो, कळलं' म्हणायची दीक्षाला खोड होती. समोरच्याचं वाक्य अर्ध्यावर असायचं, तोवर हिचं कळून झालेलं असायचं. वाशीतल्या एका लहानशा संस्थेत 'ताईला विचारा' नावाची फोनसेवा होती, तिथे ती दोन वर्षं ताई होती. वस्तीवस्तीतल्या माणसांनी दुखलंखुपलं विचारायचं, ताईनं साध्या मराठीत सांगायचं आणि गरज पडली तर दवाखान्यात धाडायचं, असा तो कारभार. साधी मराठी म्हणजे नेमकी कुणाची, हे मात्र संस्थेत कुणी कधी विचारलं नव्हतं.

ताई वाढलेली खांदेश्वरला. वडील परभणीकडचे, त्यामुळे घरात मराठवाड्याची बोली, शाळेत पुस्तकातली आणि रस्त्यावर मुंबईची. तीन तऱ्हेची मराठी येते म्हणजे सगळीच येते, असा तिचा समज. गेल्याच महिन्यात तिनं बाजारातल्या माथाडी कामगारांच्या ग्रुपसाठी एक मेसेज स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड केला होता. 'पक्षाघाताची लक्षणे ओळखा, साडेचार तासांच्या आत रुग्णालय गाठा.' आवाज गोड, उच्चार स्वच्छ. ग्रुपवर कुणीतरी विचारलं, 'कुठल्या पक्षानं घात केला?' त्यावर चाळीस हसरे चेहरे आले आणि मेसेज खाली वाहून गेला.

मंगळवारी सकाळी पावणेदहाला राजाबाईचा फोन आला. ही कोपरखैरण्याच्या माथाडी वस्तीतली, मूळची साताऱ्याकडची. तिचा नवरा ज्ञानू भाजी मार्केटात पाठीवर गोणी वाहायचा. पहाटे तीनला कामाला जायचा, नवानंतर जेवायला घरी यायचा. दीक्षा मागे त्यांच्या घरी जाऊन त्याचं बीपी मोजून आली होती. ते बरंच वर होतं. गोळ्या त्यानं पंधरा दिवस खाल्ल्या आणि 'आता काय होत न्हाई' म्हणून सोडून दिल्या.

"पोरी, राजाबाई बोलतीया. अगं, ह्यांना वारं गेलंय."

"काय झालंय काकू?"

"वारं गेलंय गं. जेवता जेवता वारं गेलं."

पलीकडे कुकरची शिट्टी, कुणाचं तरी पोर रडतंय. दीक्षानं ऐकलं ते जेवण आणि वारं. म्हणजे गॅस. बोलायला लाजतात बायका, म्हणून वारं म्हणतात, एवढं न कळायला ती काय दुधखुळी होती?

"हो हो, कळलं. छातीत दुखतंय का त्यांच्या?" हा प्रश्न विचारायचाच, असा संस्थेचा नियम होता.

"छातीचं काय म्हनत न्हाईत."

"पोटात?"

"काईच म्हनत न्हाईत गं. गप पडल्यात."

"मग घाबरू नका काकू. ओवा टाकून कोमट पाणी द्या, कुशीवर झोपवा. दुपारी फोन करा मला."

"व्हय? पान्यानं जाईल?"

"जाईल की."

दीक्षानं वहीत लिहिलं, 'गॅस. घरगुती उपाय सांगितला.' मग चहा घेतला. पुढच्या दोन तासांत तिनं एका बाळाच्या लशीचं आणि एका आजोबांच्या मधुमेहाचं निस्तरलं, आणि आपण लोकांच्या उपयोगी पडतो या विचारानं तिला बरंही वाटलं.

बारा वाजायला आले तेव्हा इंद्रजित आला. संस्थेची पोस्टरं तोच करायचा. कऱ्हाडचा मुलगा, बोलायला तिरका. वही चाळत म्हणाला, "एवढ्या सकाळी कुणाला गॅस झाला?"

"अरे, ज्ञानूकाकांना. काकू किती लाजतात बघ, म्हणे वारं गेलंय."

इंद्रजितनं वही खाली ठेवली. "वारं सरतंय म्हणाल्या की वारं गेलंय म्हणाल्या?"

"गेलंय. जेवता जेवता वारं गेलं."

"दीक्षा, आमच्याकडे वारं जाणं म्हणजे लकवा. माझ्या आजोबांना गेलं होतं. उजवी बाजू गेली, वाचा गेली." तो घड्याळाकडे बघत होता. "फोन कधी आला होता?"

दीक्षाला सकाळचं बोलणं आठवलं. छातीचं काय म्हनत न्हाईत. काईच म्हनत न्हाईत. अगं बाई, तो माणूस बोलूच शकत नव्हता! तिनं मोबाइल उघडला. नऊ सत्तेचाळीस, एक मिनिट बारा सेकंद. साडेचार तास धरले तर सव्वादोन. स्वतःच्याच गोड आवाजात तिनं सांगितलं होतं हे, सगळ्या मार्केटला.

राजाबाईचा फोन लागेना. सारखा दुसऱ्या कॉलवर. "मी इस्पितळात कळवून ठेवतो, तू पळ," इंद्रजित म्हणाला, आणि ती चपला घालायचंही विसरून दारापर्यंत जाऊन परत आली.

रिक्षात तिला धड बसवेना. सिग्नलला रिक्षा थांबली की ती घड्याळ बघायची. ओवा टाकून पाणी द्या. लकव्यात गिळता येत नाही, पाणी श्वासनळीत जातं, हे तिला प्रशिक्षणात शिकवलं होतं, परीक्षेत तिनं ते लिहिलंही होतं. काका गुदमरून गेले असतील तर? आणि त्या भीतीच्या आड आणखी एक भीती दडून बसली होती, तिची तिलाच लाज वाटत होती. वहीतलं पान फाडलं तर? 'मी सांगितलं होतं दवाखान्यात न्या' असं म्हटलं तर? माथाड्याच्या बायकोवर विश्वास ठेवतील की ताईवर? हा विचार मनात आला, एवढं खरं. पुढचा सिग्नल येईपर्यंत तो तिथेच होता.

वस्तीच्या तोंडाशी जीप उभी होती. मागच्या सीटवर गोधडी अंथरलेली, आणि चार माणसं ज्ञानूला उचलून आणत होती. जिवंत होता. तोंड डावीकडे ओढलेलं, उजवा हात नुसता लोंबत होता. त्याच्या दहाही बोटांच्या टोकांवर रक्ताचे सुकलेले ठिपके होते. त्या बोटांना काय झालं हे दीक्षाला विचारावं लागलं नाही. 'झटका आल्यास दहा बोटांना सुई टोचा, मोठ्या डॉक्टरांचा सल्ला, सर्वांना पाठवा' हा मेसेज ती गेली दोन वर्षं खोडून काढत होती. तिचा मेसेज चाळीस हसऱ्या चेहऱ्यांत बुडाला, आणि हा मेला घराघरात सुई घेऊन पोचला.

"आलीस व्हय पोरी?" राजाबाईच्या चेहऱ्यावर खरोखरचा आनंद दिसला. "तुजं पानी पाजलं गं, पर ठसका लागला, समदं नाकातनं आलं. मग न्हाई दिलं."

"काकू, त्यांना आत्ताच्या आत्ता इस्पितळात न्यायचं. वाशीला."

"वाशीला कशाला?" ज्ञानूचा धाकटा भाऊ पोपट पुढे आला. तोही मार्केटातलाच, दारासारखा रुंद. "वाऱ्यावर दवाखान्यात औषीद नसतंय. आमच्याकडं एका गावाला मिळतंय ते. चोवीस तासांच्या आत पोटात गेलं पायजे. सांजच्याला पोचतूय आमी."

"दादा, साताऱ्याला पोचेपर्यंत वेळ निघून जाईल. सव्वादोनच्या आत सुई द्यावी लागते."

"आनि सकाळी?" पोपटनं तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. "सकाळी तूच म्हनालीस, घाबरू नका, झोपवा. तवा घाई नव्हती, आता लई घाई झाली तुला. का गं?"

आजूबाजूच्या दारांतून बायका बाहेर आल्या होत्या. पोपटच्या प्रश्नाला एकच खरं उत्तर होतं, आणि ते दिलं की या वस्तीत ताई म्हणून परत पाऊल टाकता येणार नव्हतं. नाही दिलं, तर जीप साताऱ्याला जाणार होती.

"कारण मला कळलं नाही," ती म्हणाली. "काकू वारं म्हणाल्या आणि मला वाटलं पोटातला गॅस. आमच्याकडे ह्याला वारं म्हणत नाहीत. चूक माझी झाली. काकूंनी बरोबर सांगितलं होतं, मीच चुकीचं ऐकलं."

जीपच्या ड्रायव्हरनं चालू असलेलं गाणं बंद केलं.

"म्हंजी तुला कळलंच नव्हतं?" राजाबाईनं विचारलं.

"नाही काकू."

"मंग हो हो का म्हनलीस?"

दीक्षा रडायला लागली, आणि रडण्यात वेळ जातोय हे कळून आणखीच घाबरली. "मला काय बोलायचं ते नंतर बोला. मारा पाहिजे तर. पण आत्ता साडेबारा वाजलेत. पावणेदोन तास उरलेत. ते गेले की मग कुठंही न्या काकांना, मी अडवणार नाही."

"वैनी, हिचं ऐकू नका," पोपट म्हणाला. "एकदा फसवलंय हिनं."

राजाबाईनं नवऱ्याकडे बघितलं. ज्ञानूच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती, ती तिनं पदरानं पुसली. मग पोपटला म्हणाली, "भावजी, फसवनारी अशी चारचौघांत येऊन सांगत न्हाई. गाडी वाशीला घ्या. सातारा कुठं पळून जात न्हाई."

इंद्रजितनं कळवून ठेवलं होतं म्हणून दारातच स्ट्रेचर मिळालं. डोक्याचा फोटो झाला. पुढचा तासभर दीक्षाला नीट आठवत नाही. भिंतीवरचं घड्याळ तेवढं आठवतं. एक वाजून बावन्न मिनिटांनी एक तरुण डॉक्टरीण बाहेर आली, आणि आल्या आल्या तिनं विचारलं, "नॉर्मल कधी होते शेवटचे? एक्झॅक्ट टाइम?"

दीक्षानं मोबाइलवरचा सकाळचा कॉल पुढे केला. "या फोनच्या पाचेक मिनिटं आधी झालं. यांनी लगेच फोन केला होता. मला."

डॉक्टरणीनं तिच्याकडे एकदा बघितलं. "क्लॉट आहे. थ्रोम्बोलाइज करता येईल, पण ब्लीडिंगची रिस्क आहे. सहा टक्के धरा. कन्सेंट पाहिजे, दहा मिनिटांत." आणि तिनं कागद राजाबाईपुढे धरला.

राजाबाईनं तो दीक्षाच्या हातात दिला. "तू सांग."

दीक्षाला वाटलं, हा कागद टाकून पळून जावं. सकाळी माणूस तिच्या एका शब्दावर झोपवला होता. आता तिच्याच शब्दावर सही होणार होती. "काकू, डोक्याच्या नसेत रक्ताची गाठ अडकलीय. सुई दिली तर ती विरघळते. थोडा धोका असतो, पण..." ती थांबली. "तुम्हाला काय कळलं ते मला सांगा बरं."

"सुई दिली की बरं वाटंल," राजाबाई म्हणाली.

नाही. असं नव्हतं ते. 'थोडा' या शब्दानं पुन्हा घोटाळा केला होता. दीक्षानं पुन्हा सांगायला घेतलं. "काकू, सुई दिली तर हात-पाय, बोलणं परत येण्याची आशा आहे. नक्की नाही. आणि शंभरातल्या पाच-सहा माणसांच्या डोक्यात त्या सुईनं रक्त फुटतं. त्यातले काही जण मरतात."

राजाबाईचा चेहरा पांढरा पडला. पण या खेपेला तिनं न विचारताच सांगितलं. "दिली तर उठत्याल न्हाईतर तितंच मरत्याल. न दिली तर असंच लोळागोळा. व्हय?"

"असंच लोळागोळा राहतील असं नाही, थोडंफार सुधारेलही. पण सुईनं जास्त आशा आहे."

"तुजा बाप असता तर?"

"दिली असती, काकू. घाबरून, पण दिली असती."

राजाबाईनं सही केली. अक्षर अन् अक्षर सुटं, सावकाश. दोन वाजून सहा मिनिटांनी सुई दिली.

त्यानंतर करण्यासारखं काहीच उरलं नाही, आणि ते सगळ्यात वाईट होतं. दार उघडलं की दोघी दचकायच्या. पोपट कोपऱ्यात उभा होता. त्यानं दीक्षाकडे पाठ केली होती. आतून कुणीतरी धावत गेलं तेव्हा दीक्षाला वाटलं, फुटलं, डोक्यात रक्त फुटलं, मी मारलं ह्यांना दोनदा. ते दुसऱ्याच पेशंटसाठी धावत होते.

चारच्या सुमाराला त्यांना आत बोलावलं. डॉक्टरणीनं ज्ञानूला सांगितलं, "काका, हात उचला." उजवा हात चादरीवरून वीतभर वर आला, थरथरला आणि खाली पडला. राजाबाईनं तोंडात पदर कोंबला. ज्ञानूनं तिच्याकडे बघून काहीतरी म्हटलं, पण नुसताच आवाज निघाला, घोगरा, लांबलेला. त्यानं पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बोलनं?" राजाबाईनं विचारलं.

"ते सांगता येत नाही, काकू," डॉक्टरीण म्हणाली. घाईघाईत नव्हे, थांबून म्हणाली. "येईल, न येईल. दोन तास आधी आणलं असतं तर जास्त आशा होती."

बाहेरच्या बाकावर दीक्षा मान खाली घालून बसली. आता शिव्या येणार म्हणून ती वाट बघत होती. यायलाच हव्या होत्या. राजाबाई शेजारी येऊन बसली.

"तुमच्यात काय म्हंत्यात गं ह्याला?"

"लकवा," दीक्षा म्हणाली.

"लकवा." राजाबाईनं तो शब्द दोनदा तोंडात घोळवून बघितला. मग तिचा आवाज एकदम बारीक झाला, चूक केलेल्या माणसासारखा. "मला ठावं असतं तर तसंच म्हनले असते की गं फोनवर."