खेकड्यातला जाम

"शेफ, खेकड्यात जाम? ब्रेडला लावतो तो?" संजना मॅडमनी चमचा खाली ठेवला. "आयडिया कोणाची?"

"विलीची," नागेश म्हणाला.

अबू धाबीतल्या या हॉटेलात वसईचा विली वाइन सांभाळायचा आणि गुहागरचा नागेश रांधायचा. गेल्या रमजानमध्ये विली आजारपणात गेला. त्याच्या जागी मुंबईहून संजना आली.

विली होता तोवर सगळं सोपं होतं. थेंबही घ्यायचा नाही, असा शब्द नागेशने आईला दिलेला. आणि वास घ्यावा तर त्याच्या नाकाला सगळ्या वाइन सारख्याच. म्हणून विलीने चाखायचं, सांगायचं आणि नागेशने ते ऐकून रांधायचं. गेवुर्झट्रामिनर नावाची ती घमघमणारी फ्रेंच व्हाइट वाइन पहिल्यांदा आली तेव्हा विली म्हणाला होता, "गुलाब आहे, लिची आहे, मागून आल्याची चव येते. जरा गोडसर आहे, तिखटाशी मस्त जमेल. पण खरं सांगू? हा आपला जाम आहे रे, जाम!"

नागेशने खेकड्याच्या तिखट रश्श्यात आलं वाढवलं आणि मिक्स्ड फ्रूट जामचा चमचा टाकला. विलीने घास घेतला, वर वाइनचा घोट घेतला आणि हसत सुटला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. "खलास! हबीबी, हेच दे!" पाहुण्यांनी बोटं चाटून खाल्लं आणि तेव्हापासून त्या वाइनबरोबर दरवर्षी हाच खेकडा.

ते हसणं आता नागेशच्या मागे लागलं होतं. रस्सा ढवळायला घेतला की कानाशी यायचं. आजवर त्याचा आधार वाटायचा. आज संजनाने तोंड वाकडं केलं आणि त्याला शंका आली. विली इतकी वर्षं आपल्याला हसत तर नव्हता?

आता विचारायचं तरी कोणाला? सुट्टीच्या दिवशी तो मोहम्मद बिन झायद सिटीत विलीच्या घरी गेला. विलीची बायको सेलिन सामान बांधत होती. मुलीची शाळा संपली की दोघी वसईला परतणार होत्या.

"बसा नागेशभाऊ. दीर आलेत वसईहून, जाम आणलेत. खा ना."

तिने बशी पुढे केली. नागेश इकडेतिकडे बघायला लागला. "पाव?"

"पाव कशाला?"

"अंकल, इट्स अ फ्रूट," विलीची मुलगी सोफिया म्हणाली.

बशीत घंटेच्या आकाराची पांढरी फळं होती. "हे होय! ह्याला आम्ही जांब म्हणतो," असं म्हणत नागेशने एक तोंडात टाकलं. नुसतं पाणी, आणि अगदी शेवटी गुलाब. तो चावायचा थांबला.

"वहिनी, मी बाटलीतला जाम घालत आलो."

"ठाऊक आहे." सेलिन हसली. "पहिल्याच दिवशी घरी येऊन लोळून हसला होता. मी म्हटलं, अरे, सांग ना बिचाऱ्याला. तर म्हणतो, नको, सांगितलं तर तो दुरुस्त करील."

"म्हणजे आवडायचं त्याला?"

"हॉस्पिटलात पाणी जात नव्हतं घशाखाली, तरी तुमचा खेकडाच मागत होता. म्हटलं, भाऊंना फोन करते. तर म्हणाला, त्याच्याकडे इफ्तारची गर्दी असेल, बरा झालो की आपणच जाऊ."

नागेशला रडू आलं. पोरीसमोर नको म्हणून तो बशीतले जाम एकामागून एक खात राहिला.

दुसऱ्या दिवशी त्याने संजनाला सांगून टाकलं, "मॅडम, जाम राहणार. एकदा वाइनबरोबर खाऊन तर बघा."

तिने खाल्लं, घोट घेतला, पुन्हा एक घास घेतला आणि म्हणाली, "ओके शेफ. राहू दे."

ती गेल्यावर नागेशने पुन्हा रस्सा ढवळायला घेतला. विली का हसायचा ते आता कळलं होतं, आणि ते हसणं कधी एकदा ऐकतो असं त्याला झालं होतं. त्याने गॅस बारीक केला. एक्झॉस्टही बंद करायला लावला.

रस्सा रटरटत होता. बाकी काहीच ऐकू येत नव्हतं.