बिनशिक्क्याची किटली

गफ्फार मिस्त्रींना जाऊन आठ महिने झाले, तरी पांढरकवड्याच्या त्या घरात रोज सकाळी फळीवरून फडकं फिरवायचं त्यांच्या बायकोने, हुस्नाबीने, सोडलं नव्हतं. फळीवर अकरा किटल्या होत्या. मोटारपंपाचे सुटे भाग आणायला मिस्त्री हैदराबादला जायचे आणि तिथल्या जुन्या बाजारातून एखादी किटली उचलून आणायचे. मुठीत मावेल एवढी, तपकिरी, चकाकी नसलेली. “चिनी मातीची नाही, चीनच्या मातीची,” असं ते आल्यागेल्याला सांगायचे. मग भिंग लावून बसायचे आणि बोलत राहायचे. हुस्नाबी रोट्या लाटता लाटता ‘हो’ म्हणायची. एकही किटली तिने कधी उलटी करून पाहिली नव्हती.

मुलगा जमीर पुण्याहून फोनवर म्हणायचा, “अम्मी, ते सगळं विकून टाक आणि इकडे ये.” शेवटी त्यानेच नागपूरच्या जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याला पाठवलं. रजत नावाचा चाळिशीतला माणूस, बोलायला नम्र. त्याने एकेक किटली खाली घेतली, बुडाचा कारागिराचा शिक्का पाहिला, वहीत टिपून ठेवलं. सगळ्यांत लहान किटली मात्र त्याने बाजूला सारली.

“चाची, हिच्यावर शिक्काच नाही. साच्यातली असेल, आताची. ही राहू द्या.”

“साच्यातली कशी असन?” हुस्नाबी म्हणाली, आणि स्वतःच दचकली. तिने झाकण काढून किटली उजेडाकडे धरली. “आत पाहा. मुठीच्या बाजूनं एकच उभी रेघ हाय. मातीची पट्टी गोल करून जोडली, तिथली. साच्यातली असती तं दोन्हीकडून रेघ आली असती. अन् तोटीले आतून एकच भोक हाय. चहा गाळाची जाळी नंतरच्या काळात निघाली. ह्या साऱ्यांत हेच जुनी हाय.”

रजतने भिंग लावलं. किटली आतून फिरवून फिरवून पाहिली. मग म्हणाला, “बरोबर आहे. तुम्हाला हे कोणी शिकवलं?”

“शिकवलं कोणी नाही. ते बोलून राह्यले होते, मी रोट्या करून राह्यली होती.”

तीस वर्षं तो माणूस तिच्या पाठीमागे बसून बोलला होता. ‘कुठं? दाखवा बरं’ एवढंसुद्धा तिने कधी विचारलं नव्हतं.

त्या दिवशी तिने काहीच विकलं नाही. रजत गेल्यावर जमीरला मोठ्या हौसेने फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे विकल्या नाहीस?” तो गाडी चालवत होता. नंतर करतो म्हणाला.

मग दुपारभर ती फळीसमोर बसली. एकेक किटली हातात घ्यायची, बोट आत फिरवायची आणि मोठ्याने सांगायची, ही अशी, ही तशी. सहा झाल्या. सातवी उलटी केली आणि ती थांबली. हिच्याबद्दल तिला काहीच आठवेना. मिस्त्री हिच्याबद्दल सांगत होते तेव्हा कुकरची शिट्टी झाली असेल, की ती शेजारी कांताबाईकडे जाऊन बसली असेल?

तिने खिडकी पूर्ण उघडली. बुडावरच्या शिक्क्यात चार चिनी अक्षरं उमटलेली होती. ती तिला वाचता येत नव्हती.