तळघरातल्या दाराआड

मित्रांनो, मी एक जुना कार्ड रीडर आहे. तळहाताएवढी काळी डबी, पुढे एक फट आणि मागे हातभर वायर, एवढाच माझा पसारा. फटीत कार्ड सरकवून पिन टाकला की मी कार्डावरची चिप वाचतो आणि मशीनला माणसाची ओळख पटवतो.

कारखान्यातून आम्ही बारा जण एका रुग्णालयात आलो. तिथलं सगळं काम तळघरातल्या एका मोठ्या सर्व्हरवर चाले. टेबलांवरचे संगणक म्हणजे नुसत्या खिडक्या. त्यांतून दुरूनच सर्व्हरमध्ये शिरायचं. पण लोकांनी पासवर्ड चिठ्ठ्यांवर लिहून भिंतीला चिकटवलेले! शेवटी संगणक विभागातल्या दादांनी ठरवलं, यापुढे कार्डाशिवाय कोणालाही आत घ्यायचं नाही. पहिली चाचणी माझ्यावर झाली. "हा छोटू झकास चालतोय," असं ते म्हणाले तेव्हा मी फुलून गेलो.

बदलाच्या दिवशी दादा मला घेऊन सर्व्हरच्या खोलीत बसले. खोली बिनखिडकीची, थंडगार. दार आपोआप लागणारं, आणि आतून काय, बाहेरून काय, कार्डाशिवाय न उघडणारं. ज्या कार्डाने दार उघडलं तेच त्यांनी माझ्यात सरकवलं, सर्व्हरमध्ये शिरले आणि सगळ्यांचे पासवर्ड बंद केले. स्वतःचा तर पुसूनच टाकला.

दहा मिनिटांत दाराच्या काचेवर थापा पडल्या. रक्तपेढीच्या ताई होत्या.

"दादा, माझं कार्ड घेतच नाहीये! ऑपरेशन सुरू आहे, रक्त मागतायत. कोणती पिशवी कोणासाठी राखलीय, काही दिसत नाही!"

दादा दारापर्यंत धावले आणि थबकले. कार्ड माझ्या तोंडात होतं. कार्ड खरं की खोटं हे ज्या यादीवरून ठरतं, ती यादीच सर्व्हरला सापडत नव्हती, म्हणून तो नव्याने कोणालाच आत घेईना. दादा आधीपासून आत होते म्हणून टिकले. कार्ड काढताच तेही सर्व्हरमधून बाहेर फेकले गेले असते, मग दुरुस्ती करणार कोण?

"ताई, मला दार उघडता येणार नाही. तुम्ही वर जा, तुमचा पासवर्ड चालू करतो."

"आणि तुम्ही बाहेर कसे येणार?"

"माझं नंतर बघू!"

गारठलेल्या बोटांनी त्यांनी वीस मिनिटं झुंज दिली. ताई सर्व्हरमध्ये शिरल्याचं पडद्यावर दिसलं, तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला.

मग त्यांनी कार्ड ओढलं. खिशात राहून ते वाकलं होतं. अर्धवट सरकलं आणि माझ्या स्प्रिंगमध्ये रुतलं. पडदा बंद झाला. तळघरात फोनला रेंज नव्हती. दादांनी दार बडवलं, हाका मारल्या, परत माझ्याशी झटापट केली.

"सोड रे छोट्या," ते शेवटी हळूच म्हणाले.

मित्रांनो, मला सोडायचंच होतं! पण मला ना हात, ना वाचा. ते भिंतीला टेकून, हात काखेत घालून बसले. दोन तास आम्ही तिघेही अडकून होतो: दादा खोलीत, कार्ड माझ्यात, आणि मी माझ्या घट्ट जबड्यात.

अखेर काचेवर ताईंचा चेहरा दिसला. "अगं बाई, तुम्ही अजून आतच? पेशंट वाचला हो, दादा!" त्यांनी वायरमनला बोलावलं. त्याने कुलपाची वीज तोडली तेव्हा दार उघडलं. पकडीने माझं तोंड फाकवून कार्ड काढावं लागलं.

रुग्णालयाचे मोठे साहेब माझ्यावरच चिडले. "भंगारात टाका हा डबा!"

"चूक याची नाही, साहेब," दादा म्हणाले. "बाहेरच्यांना कसं अडवायचं याचाच मी विचार केला. आतल्या माणसाचा केला नाही."

दुसऱ्या दिवशी दाराला आतून एक हिरवं बटण बसलं. दाबलं की दार उघडतं.

मी मात्र फुटक्या तोंडाने एका कपाटात पडून आहे. इथे उजेड येत नाही. माझी विनंती एवढीच: वस्तूवर चिडून जोर करू नका, तिला काय खुपतंय ते आधी पाहा. आणि मोठे होऊन कुलपं बनवाल, तेव्हा एकदा स्वतः आत बसून दार लावून घ्या.