घरात उघडणारं पान

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे आणि चपलांच्या कपाटात राहतो. नाक मुरडलंत ना? माझ्या डोक्यावर जावईबापूंचे ओले बूट असतात आणि पंख्यात झुरळाने संसार थाटला आहे. शी! पण इंटरनेटची वायर नेमकी इथेच घरात शिरते.

माझ्या मालकीणबाईंनी, म्हणजे काकूंनी, मला शिवणक्लाससाठी नवाकोरा आणला होता. पुढे माझी स्क्रीन फुटली आणि गुडघ्यांपायी त्यांचा क्लासही बंद झाला. तरी त्यांनी मला भंगारात दिलं नाही. कॉलर, बाही, खिसा कसा कापायचा याच्या आकृत्यांची वेबसाइट त्यांनी माझ्यावर सोपवली. कुणी कुठेही तिचं पान उघडलं की ते या कपाटातून मीच पाठवायचं. दूरदूरच्या विद्यार्थिनी ती बघत, अडलं की काकूंना फोन करत. घरातून बाहेर जाणारी लाइन गोगलगाईच्या चालीची, पण नुसत्या रेघांना कितीसं वजन असणार? माझं भागत होतं.

मग जावईबापूंना हौस आली. पहिल्याच पानावर त्यांनी स्वतःचा भलाथोरला फोटो लावला, सुटाबुटातला! क्लास काकूंचा आणि थोबाड यांचं. मला किळस आली. तो फोटो बाहेर ढकलताना माझा जीव मेटाकुटीला येई आणि तोवर लोक कंटाळून निघून जात.

फोन थांबले. काकू खचल्या. "विसरल्या हो पोरी मला. बंदच करून टाका ते पान."

जावईबापूंनी सोफ्यावरूनच मोबाइल दाखवला. "अहो आई, चुटकीसरशी उघडतंय की! लोकांनाच गरज उरली नाही."

घरात उघडणारच! कपाटातून सोफ्यापर्यंत जायला ती बाहेरची लाइन लागतच नाही. पण मी हे सांगणार कसं?

एकदा काकू दोरा आणायला गेल्या आणि तणतणत परत आल्या. "दोरेवाली माझीच विद्यार्थिनी. म्हणाली, पान उघडतच नाही, वाटलं तुम्हीच बंद केलंत. तिच्या मोबाइलवर कितीतरी वेळ वाट बघितली, तर जावईबापू, तुमचं नुसतं कपाळ दिसलं! काढा तो फोटो आधी."

फोटो गेला. त्याच आठवड्यात फोन वाजला. कुणाच्या तरी बाहीला चुण्या पडत होत्या. काकू माझ्या कपाटाला टेकून बोलत राहिल्या. फोन ठेवल्यावर त्यांनी डोळे पुसले.

मित्रांनो, घरात बसून सगळं ठीक आहे असं म्हणू नका, एकदा उंबऱ्याबाहेर जाऊन बघा. आणि परत आल्यावर ते बूट माझ्या डोक्यावर ठेवू नका.